आउटरला उभी असलेली पॅसेंजर

नवी नोकरी लागली, बॅग भरून झाली, परगावी राहायला खोलीसुद्धा ठरली. पण मला घरातून निघता येत नव्हतं, कारण माझा रिलीव्हर आला नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या घरात रेल्वे आहे. बाबांच्या खोलीत खिडकीखाली एक स्टेशन, माझ्या खोलीत पलंगाच्या वर फळीवर दुसरं, आणि मधल्या भिंतीला बाबांनी पाडलेलं भोक म्हणजे बोगदा. जुन्या काळची, खेड्यातली, वाफेच्या इंजिनाची लाइन. ती खरोखर होती. आजोबा तिच्यावर सांधे बदलायचं काम करायचे. लाइन उखडून रूळ भंगारात गेले तेव्हा बाबा शाळेत होते. पुढे त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर लोकांचे मीटर तपासले आणि घरी येऊन ती लाइन वीत वीत करत परत टाकली.

इंजिन पितळी पत्र्याचं, डाग देऊन जोडलेलं. डबे पुठ्ठ्याचे. इंजिनामागच्या टेंडरमध्ये कोळसा मात्र खरा, कुटून आईच्या चहाच्या गाळणीतून गाळलेला. गाळणी परत आली नाही. दुधाची व्हॅन, दोन मालडबे आणि मागे गार्डचा डबा, सगळ्यांवर बाबांनी बारीक ब्रशनं गंज, काजळी आणि धूळ रंगवली आहे. आई म्हणते, "या घरात मी धूळ काढते आणि हे धूळ काढतात." ती फडक्यानं, ते ब्रशनं.

माझ्या खोलीतल्या स्टेशनची मी मास्तर. दहावीत असताना नेमणूक झाली. अर्ज मी केला नव्हता. बाबा पलीकडून घंटी वाजवणार, म्हणजे गाडी पाठवू का. मी घंटी वाजवून हो म्हणणार. मग गाडी बोगद्यातून येऊन माझ्या सिग्नलपाशी, म्हणजे आउटरला, थांबणार. सिग्नलचा हात आडवा असला की त्याच्या अलीकडच्या रुळात करंटच नाही, त्यामुळे बाबांनी पलीकडून कितीही बटण फिरवलं तरी इंजिन हलत नाही. मी दांडी ओढली, हात खाली आला, की गाडी फलाटाला लागते. फलाटावर पुठ्ठ्याचे प्रवासी उभे आहेत. एका बाईच्या डोक्यावर ट्रंक आहे. तिला खाली ठेव म्हणणारं कुणी नाही.

दिवसभर विमा कंपनीत लोकांच्या फुटलेल्या काचा फोनवर ऐकून मी घरी यायचे आणि चप्पल काढायच्या आत घंटी. संध्याकाळची पॅसेंजर. ती कधीही वेळेवर यायची नाही, कारण खरी पॅसेंजर कधी वेळेवर आली नव्हती. उशीर वेळापत्रकात छापलेला नव्हता, पण बाबा तो काटेकोर पाळायचे. मी पलंगावर बसल्या बसल्या पेंगत तिची वाट बघायचे. खऱ्या गाडीची वाट बघताना निदान शेंगा तरी खाता येतात.

नव्या नोकरीचं सांगितलं तेव्हा बाबा रुळाला सँडपेपर घासत होते.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "रिलीव्हर कोण?"

"बाबा, सोमवारी रुजू व्हायचंय. नाहीतर ते दुसऱ्याला घेणार."

"मग लवकर बघायला हवा."

आमच्याकडे हा नियम आजोबांपासूनचा. दुसरा माणूस आल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही. आजोबांचा रिलीव्हर एकदा आलाच नाही, तर ते स्वतःच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोहोचले. आजी थांबली होती. तिलाही रिलीव्ह करणारं कुणी नव्हतं.

"आणि नाहीच मिळाला तर?"

बाबांनी सँडपेपर उलटा केला. "मग लाइन बंद. एका माणसानं दोन स्टेशनं चालत नाहीत." मीटर बंद आहे असं सांगावं, तशा आवाजात म्हणाले. भांडले असते तर बॅग उचलून निघणं सोपं होतं. ते भांडले नाहीत. रूळ घासत राहिले.

मग मामाला बोलावलं. मामा फ्रिज दुरुस्त करतो, करंटचं त्याला कळतं, आणि बहिणीकडे चहा मिळतो म्हणून तो कुठल्याही कामाला येतो. घंटी वाजली, गाडी बोगद्यातून आली, सिग्नलला थांबली. मामानं जरा वाट पाहिली. मग दोन बोटांत इंजिन धरून सगळी गाडी उचलली आणि फलाटावर ठेवली.

"आली की," तो म्हणाला. "एवढ्याला माणूस कशाला लागतो?"

बाबा दारात उभे होते.

"दूधवाला गाडीत होता," ते म्हणाले.

"दाजी, तो पुठ्ठ्याचा आहे."

"तुला निलंबित केलंय."

"चहा?"

"चौकशी होईपर्यंत नाही."

रविवार आला. माझी गाडी, खरी, रात्रीची होती. बॅग दाराशी, मी पलंगावर, डोक्यावर माझं स्टेशन. मी मनाशी ठरवत होते की नव्या ऑफिसला फोन करून सरळ सांगावं, येत नाही. आजारी आहे म्हणण्याइतकंही त्राण नव्हतं. तेवढ्यात आई फडकं घेऊन आली. इतकी वर्षं ती या खोलीत फक्त फळीच्या खालचं झाडायची. फळीच्या वरचं तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती माझ्या शेजारी टेकली. "हा हात कशाला गं?"

"सिग्नल आहे. आडवा म्हणजे थांब. खाली म्हणजे ये."

"आणि आडवाच ठेवला तर?"

"गाडी येत नाही."

"यांनी तिकडनं काही केलं तरी?"

"काही केलं तरी. त्यांनीच तसं वायरिंग केलंय."

आईनं फडक्याची घडी घातली आणि उशीवर ठेवली. "दे इकडे. काय काय ते सांग."

मी चार्ज दिला. इंजिन, डबे, व्हॅन, एका मालडब्याचं चाक लंगडं, फलाटावरच्या बकरीला तीनच पाय. आईनं सगळं निमूट ऐकलं. बकरीपाशी "बरं" म्हणाली.

घंटी वाजली. आईनं घंटी वाजवून हो म्हटलं. काजळी रंगवलेलं इंजिन बोगद्यातून आलं आणि सिग्नलला थांबलं. आईनं दांडीला हात लावला नाही. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली.

पलीकडून घंटी आली. पुन्हा आली. मग चपलांचा आवाज, आणि बाबा दारात.

"सिग्नल?"

"देते. बसा जरा."

"अगं, गाडी आउटरला उभी आहे."

"उभी राहू दे. मीही उभीच असते दिवसभर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी चार्ज दिलाय." मग ते गाडीकडे आणि मग दांडीकडे बघत राहिले. हात पुढे केला असता तर दांडी सहज ओढता आली असती. पण स्टेशनमास्तरनं सिग्नल दिल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. ते पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. या खोलीत ते बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. डबे, रूळ, भोक यांच्यासाठी यायचे ते नेहमी उभ्यानं.

"काम बरोबर करते आहे," ते थोड्या वेळानं म्हणाले. मला, हळू आवाजात.

"मग मी निघू?"

"रिलीव्ह झालीस ना? निघ. पोहोचलीस की कळव."

आई उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं माझा हात धरला, दाबला आणि सोडला.

पोहोचल्यावर मी फोन केला. आईनं घेतला.

"गाडी आली का गं?" मी विचारलं.

"नाही अजून. आउटरलाच आहे. आम्ही नाश्ता करतोय."

मागून बाबा काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तू मला उशिराचं कारण विचार." आईनं घास संपवला. "सांग त्यांना, प्रवाशांची काही तक्रार नाही."