निरोप पोचला म्हणणारा नमुना

मी एक जुना नमुना आहे. एका ॲपचा नमुना. ऑफिसात मला प्रोटोटाइप म्हणतात, पण एवढं भारदस्त नाव मला कधी पेललं नाही. शिंपी कसा आधी कच्चे टाके घालून सदरा अंगावर चढवून बघतो? खांदा बसतोय ना, बाही आखूड होत नाही ना, हे तपासतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. मी म्हणजे ते कच्चे टाके. दिसायला हुबेहूब ॲप. बटण दाबलं की पुढचं पान उघडतं, त्यावर अक्षरं असतात, फोटो असतात. आत मात्र काहीच नाही. माझ्यातून फोन लागत नाही, निरोप जात नाही. मित्रांनो, एवढं एक वाक्य एका माणसाला सांगायचं राहून गेलं आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

माझा जन्म झाला तो एका लांबलचक टेबलावर. टेबलाच्या कडेने माणसं आपापला कॉम्प्युटर उघडून बसायची आणि मी एकाच वेळी सगळ्यांच्या पडद्यावर दिसायचो. ज्याला जे सुचेल ते त्याने माझ्यावर करावं, अशी त्या सॉफ्टवेअरची सोयच होती. प्रत्येकाचा एक रंगीत बाण असायचा आणि बाणाला त्याचं नाव चिकटलेलं. जांभळा बाण ताईचा. ती माझी आईच म्हणा ना, पानं काढायची, रंग भरायची, शब्द लिहायची. निळा बाण दादाचा. दादा म्हणजे प्रोग्रामर. माझ्यावरून पुढे खरं ॲप बांधायचं काम त्याचं. केशरी बाण मॅडमचा, त्या सगळ्यांच्या वरच्या.

काय मजा असायची तेव्हा! ताईने बटण डावीकडे ठेवलं की मॅडमचा बाण यायचा आणि ते उजवीकडे ओढायचा. दादा कुठेतरी शेरा चिकटवून जायचा, ‘हे हिरवं फार हिरवं आहे.’ ताई खाली लिहायची, ‘तुझे डोळे तपासून घे.’ हिरव्यावरून सकाळभर भांडण चालायचं आणि दुपारी सगळे एकमेकांचे डबे उघडून खायचे. माझ्या अंगावर एवढे हात फिरायचे, की मला वाटायचं, जगात माझ्याइतका लाडका कुणी नसेल.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते ॲप होतं. दोनच बटणं. रोज सकाळी हिरवं दाबायचं, ‘मी ठीक आहे.’ आणि बिनसलं तर लाल, ‘मला बरं वाटत नाही.’ दाबलं की घरच्यांना निरोप जाणार आणि त्यांचं उत्तर येणार.

आता माझ्यात निरोप जाणार कसा आणि उत्तर येणार कुठून? म्हणून ताईने उत्तरं आधीच लिहून ठेवली. या लोकांची एक पद्धत असते. नमुन्यात काहीतरी आपलं अबकड लिहून ठेवायचं नाही, अगदी खरं वाटेल असं लिहायचं, म्हणजे चाचणी देणारा माणूस मनापासून वागतो. ताईला दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. तिने स्वतःचाच फोटो लावला आणि हिरव्या बटणामागे लिहिलं, ‘निरोप पोचला. वा, बाबा! आज लवकर उठलात. जेवण वेळेवर करा हं.’ लाल बटणामागे लिहिलं, ‘निरोप पोचला. बाबा, मी निघालेय. दार उघडं ठेवा.’

ज्यांनी ॲप करायला सांगितलं होतं, ती मंडळी मला बघायला आली. बटण दाबून बघितलं आणि त्यातले एक गृहस्थ म्हणाले, “अहो, हे तर तयारच आहे!” ताई लाजली. माझी छाती फुगली. दादा तेवढा मागून पुटपुटला, “तयार कसलं? नुसता देखावा आहे.” मला त्याचा असा राग आला! पण बोलून चालून तो खरंच बोलत होता.

मग चाचणीचे दिवस आले. ताईला म्हातारं माणूस हवं होतं आणि तिच्या घरच्यांतच एक हक्काचं होतं. तिचे बाबा. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहायचे बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरून कुणी चिडवलं की म्हणायचे, “हलवाई स्वतःचे पेढे खातो का?”

ताईने त्यांच्या फोनवर माझी लिंक पाठवली, मला फोनच्या पहिल्याच पानावर ठेवायला लावलं आणि व्हिडिओ कॉलवर बघत बसली. चाचणीचाही एक नियम असतो. समोरच्याला काही सांगायचं नाही, शिकवायचं नाही. तो काय करतो ते नुसतं बघायचं. शेवटी मात्र सांगायचं, की हा नमुना होता, आता बंद करा. बाबांनी हिरवं बटण दाबलं. उत्तर वाचून खूश झाले. “अरे वा! चिमणे, हे झकास केलंस,” म्हणाले. तेवढ्यात मॅडमनी तिला हाक मारली. “बाबा, झालं हं, थँक्यू, नंतर बोलते,” म्हणत ताईने कॉल बंद केला. शेवटचं सांगायचं ते राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला उघडलं.

काचेतून मला त्यांचं स्वयंपाकघर दिसलं. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, ओट्यावर एकच कप. त्यांनी चष्मा पुसला आणि हिरवं बटण दाबलं. मी काय करणार? मला जे शिकवलं होतं ते मी केलं. ‘वा, बाबा! आज लवकर उठलात.’ ते मोठ्यांदा म्हणाले, “हो तर! तुझ्यासारखा लोळत पडत नाही मी.” आणि फोन कपाशेजारी उभा करून चहा प्यायले, लेक समोर बसल्यासारखे.

मित्रांनो, त्यानंतर रोज हे चालू झालं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, “बाबा, ही ताई नाही हो! हा मी आहे, रिकामा!” पण मला तोंड कुठे होतं? जी दोन वाक्यं दिली होती तेवढीच माझी वाचा. उत्तर रोज एकच कसं येतं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. एकदा स्वतःशीच म्हणाले, “तेच तेच लिहिते ही. घाईत असते बिचारी.” आणि घाईतल्या पोरीला त्रास नको म्हणून त्यांनी तिला फोन करायचं सोडून दिलं.

इकडे ऑफिसात ताई दादाला सांगत होती, “बाबांचा फोनच नाही अरे. त्या दिवशी मी घाईत कॉल ठेवला ना, रुसलेत.”

“मग तू कर.”

“करते रे. एकदा हे काम मार्गी लागू दे.”

दोघांच्या मध्ये मी. दोघांनाही दिसणारा आणि कुणाच्याच उपयोगाचा नसलेला. त्या दिवसांत माझा जीव किती तुटला ते मलाच ठाऊक.

दादाच्या लक्षात एक गोष्ट मात्र आली होती. माझ्या वरच्या कोपऱ्यात, आत्ता कोण कोण मला बघतंय त्यांचे छोटे गोल दिसतात. त्यात रोज सकाळी एक करडा, बिननावाचा गोल असायचा. खाली लिहिलेलं, ‘पाहुणा’. दादाने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “ज्यांचं काम आहे त्यांच्याकडचं कुणीतरी बघत असेल. बघू दे.” आणि सगळे परत हिरव्या रंगाकडे वळले.

आणि मग ती सकाळ उजाडली. बाबांनी मला उघडलं तेव्हा ओट्यावर कप नव्हता. ते भिंतीला धरून उभे होते आणि त्यांना धाप लागत होती. बराच वेळ त्यांचं बोट दोन्ही बटणांवर फिरत राहिलं. लेकीला कशाला घाबरवायचं, असं मनात असणार. शेवटी त्यांनी लाल दाबलं.

‘निरोप पोचला. बाबा, मी निघालेय. दार उघडं ठेवा.’

मेलो मी, मित्रांनो! ते शब्द माझ्या अंगावर उमटताना मला शरमेने मिटून जावंसं वाटलं. बाबा मात्र हे वाचून शांत झाले. ते लिफ्टवाले. बटणात दिवा लागला म्हणजे वर हाक पोचली, लिफ्ट येणारच, हा त्यांच्या हयातीचा अनुभव. भिंत धरत धरत ते दारापर्यंत गेले, कडी काढली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. हातात फोन होता, पण त्यांनी कुणालाच लावला नाही. “गाडीवर असेल ती. चालवताना फोन नको,” एवढंच म्हणाले.

लिफ्ट यायला वेळ लागला की माणूस काय करतो? परत बटण दाबतो. बाबांनी परत लाल दाबलं. परत तेच उत्तर. थोड्या वेळाने परत.

ऑफिसात तेव्हा सगळे माझ्यावर काम करत होते. दादाने सहज त्या करड्या गोलावर टिचकी मारून पाहुण्याचा पडदा बघितला आणि तो अचानक म्हणाला, “हा पाहुणा करतोय काय? सारखं लालच दाबतोय.”

“खेळत असेल,” ताई मान वर न करता म्हणाली.

“गंमत म्हणून माणूस सगळी बटणं दाबून बघतो. हा एकालाच धरून बसलाय.” मग जरा थांबून त्याने विचारलं, “ताई, ही लिंक आणखी कुणाकडे आहे?”

“कुणाकडे असणार? त्या मंडळींकडे, आणि...”

ताईचा जांभळा बाण माझ्यावर जिथल्या तिथे थिजला. तिने फोन उचलला. घाईत नंबर दोनदा चुकला.

बाबांनी लगेच घेतला. “चिमणे,” ते धापा टाकत म्हणाले, “कुठवर आलीस गं?”

सगळं टेबल तिच्याकडे बघत राहिलं.

“बाबा... कुठवर म्हणजे?”

“निघालेय म्हणालीस ना. दार उघडंच ठेवलंय मी.”

ताईने डोळे घट्ट मिटले. मग ज्या आवाजात म्हणाली तो मी कधी विसरणार नाही. “निघाले, बाबा. आत्ता निघाले. फोन ठेवू नका, माझ्याशी बोलत राहा.” आणि ती खरोखरच धावत सुटली. चपला टेबलाखालीच राहिल्या. मॅडम गाडीची किल्ली घेऊन तिच्यामागे. दादाने अँब्युलन्स बोलावली आणि ताईकडून नंबर घेऊन बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला. काकू जिने चढून वर गेल्या. दार उघडं होतं, म्हणून त्यांना लगेच आत जाता आलं.

बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना खुर्चीसकट तीन जिने उतरवलं. वेळेत पोचले म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई त्यांच्या खाटेशेजारी बसून राहिली आणि जरा बरं वाटू लागल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. रडत रडतच.

बाबांनी उशाजवळचा चष्मा चढवून तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे रोज सकाळी मी नुसता भिंतीशी गप्पा मारत होतो?”

“माझं चुकलं, बाबा.”

“चुकलं तर चुकलं. माझंही काय? फोन करायला बोट झिजत होतं का माझं?” त्यांनी तिचा हात ओढून घेतला. “पण काय गं, ते शब्द तर तुझेच होते ना?”

“हो.”

“मग एकदा तोंडाने म्हण.”

ताई म्हणाली. तिला धड म्हणताही आलं नाही, हुंदक्यांत अर्धे शब्द वाहून गेले. हे सगळं तिने दादाला सांगितलं तेव्हा मी उघडाच होतो, म्हणून मला कळलं.

त्याच दिवशी दादाने माझी बाहेरची लिंक बंद केली. ताईने माझ्या पानापानावर जाड अक्षरांत पट्टी लावली, ‘हा नमुना आहे. इथून निरोप जात नाही.’ माझं रूप त्या पट्टीने पार गेलं. पण खरं सांगू? जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला.

मग खरं ॲप बांधलं गेलं. त्यात ‘पोचला’ हा शब्द कधी दिसावा यावर सगळ्यांनी हिरव्या रंगापेक्षाही जास्त वाद घातला. शेवटी ठरलं, की समोरच्या माणसाने निरोप उघडून वाचला तरच तो शब्द दिसेल. तोवर लिहिलेलं असेल, ‘अजून वाचलेला नाही.’ आणि बराच वेळ कुणी वाचलाच नाही, तर ॲप शेजाऱ्यांना फोन लावेल. मॅडम म्हणाल्या, “वाईट दिसेल हो ते ‘वाचलेला नाही’.” ताई म्हणाली, “दिसू दे.”

आता मी ‘जुने’ नावाच्या कप्प्यात पडून असतो. निळे-जांभळे बाण माझ्यावर फिरकत नाहीत. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण कुणी नवीन माणूस कामाला लागला, की ताई मला उघडून त्याच्यापुढे ठेवते आणि सगळी हकिगत स्वतः सांगते, काही न लपवता. तेव्हा वाटतं, चला, अजून आपला थोडा उपयोग आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे नमुने कराल. ते सुंदर करा, पण ते नमुने आहेत हे न विसरता सांगा. आणि तुमच्या घरचं कुणी एकटं राहत असेल, तर उत्तर तुम्ही स्वतः द्या. वाकडंतिकडं का होईना, तुमचं असू द्या.

त्या हकिगतीचा शेवट ताई नेहमी असा सांगते. खरं ॲप तयार झालं तेव्हा पहिली चाचणी बाबांनीच मागून घेतली. स्वतःच्याच घरात. “तू स्वयंपाकघरात जा, मी दारापाशी उभा राहतो,” ते म्हणाले. त्यांनी हिरवं बटण दाबलं. ‘अजून वाचलेला नाही’ असं आलं आणि ते तसेच टक लावून बघत राहिले. मग आत ताईचा फोन वाजला. तिने निरोप उघडला आणि घाईघाईत उत्तर धाडलं, ‘बाबा हात पिठात आहेत थांबा.’

बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडले, “चिमणे, तूच आहेस गं ही!”