लवकर उठलेल्या पेशी

नाव बशीच्या तळाला लिहावं, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवलेली ही गोष्ट धाकटीने नेमकी घरच्यांच्याच पेशी वाढवताना विसरावी, याला काय म्हणायचं?

दोन बशा होत्या. एकीत थोरल्या बहिणीच्या रक्तातून आधी मूळ पेशी बनवून, चार महिने खपून वाढवलेल्या मेंदूच्या पेशी, दुसरीत धाकटीच्या स्वतःच्या. थोरली स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक; धाकटी नाही. जनुकं दोघींची बरीचशी सारखी. पण कुठलं जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, या वेळापत्रकात फरक पडतो का, ते बघायचं होतं. थोरलीच्या पेशींना फांद्या उशिरा फुटतील, अशी सगळ्यांची अटकळ. त्या फुटल्या बशीत ठेवल्यापासून अठराव्या दिवशीच, धाकटीच्या पेशी अजून गोट्यांसारख्या गोल असताना.

"झाकणांची अदलाबदल झालीय तुझ्याकडून," प्रमुख बाई म्हणाल्या. "उद्या दोन्ही फेकून दे."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. पेशींना खाद्य घालताना दोन्ही झाकणं एकदम काढायची तिला खोडच होती. छातीठोकपणे नाही म्हणता येईना.

थोरली शेजारच्या टेबलावर फोटोंतल्या पेशी मोजत होती. तिची तिथली नोकरीच ती, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"तुझ्या बशीला तळाशी ओरखडा आहे," मान वर न करता ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच्या फोटोतही आहे."

"ताई, मग आधी का नाही बोललीस?"

"कोणी विचारलं नाही."

धाकटीने तो जुना फोटो शोधला आणि बशी भिंगाखाली ठेवली. गोल पेशींखाली तोच ओरखडा. झाकणं जागच्या जागी होती. तिचा जीव भांड्यात पडला. बाईंनी दोनदा खात्री करून आपला शब्द मागे घेतला. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, आणखी दहा घरांतली भावंडं तपासावी लागतील, असं त्यांनी बजावलं खरं, पण हसू काही लपेना.

"म्हणजे माझ्या लवकर उठल्या," थोरली म्हणाली. "तुझ्या आळशी."

"सोळा आणे खरं."

बोलायला उशीर, बुटाची नाडी बांधायला उशीर. थोरलीने जन्मभर हेच ऐकलेलं. तिने फोन पुढे केला.

"आईला लाव. सांग, मला उशीर झाला नव्हता."

धाकटीला आकडे दिसेनात, इतके डोळे भरून आलेले. शेवटी थोरलीनेच नंबर लावला.