बुटात पाय, आकडा शून्य

साहेब, खोटं तुम्ही बोललात आणि ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी मात्र माझ्या पाठीवर चिकटवलीत!

मित्रांनो, मी दाब मोजणारा एक जुना सेन्सर आहे. नखाएवढा, काळा, वाकवाल तसा वाकणारा. प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला घडवलं. केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या त्यांनी मऊ रबरात कालवल्या, काचेवर पातळ थर दिला, वाळवला आणि कात्रीने मला कापून काढलं. मला दाबलं की आतल्या नळ्या एकमेकींना भिडतात, विजेला वाट मिळते. जितका दाब, तितकी वीज. दुसरं मला काही येत नाही. खोटं बोलणं तर मुळीच नाही.

माझी नेमणूक गणिताच्या बाईंच्या बुटात झाली, अंगठ्याखाली. मधुमेहाने बाईंचे पाय बधिर झालेले. दिवसभर फळ्यासमोर उभ्या. काही टोचलं तरी पत्ता नाही. पाय जे सांगत नव्हते ते मी त्यांच्या फोनवर सांगायचो. दाब फार झाला की आकडा लाल. पहिल्याच आठवड्यात मी लाल झालो, बाईंनी बूट झटकला, तर आतून पेनाचं टोपण पडलं!

“याला माझ्या वर्गाचा मॉनिटर करते,” बाई म्हणाल्या. मी काय फुगलो होतो!

पुढे प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना मला पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं. बूट घातला की आकडा चढतो, हेच त्यांना खटकलं.

“पाय आत गेला की फोनवरचं शून्याचं बटण दाबायचं. पडदा हिरवा दिसला पाहिजे.”

“साहेब, आधी शून्य, मग पाय,” ताई म्हणाल्या.

“आता तू मला शिकवणार?”

सूचना छापली गेली. बाई शिस्तीच्या. रोज सकाळी बूट घालून, नाडी बांधून, बटण दाबत. त्यातच आतली शिवण उसवली आणि तिची गाठ अंगठ्याखाली रुतली. मी बोंबलत होतो आणि माझी बोंब रोज सकाळी शून्य धरली जात होती. तीन आठवडे पडदा हिरवागार.

बाई रोज आधी फोन बंद करत, मग बूट काढत. एका संध्याकाळी उलटं झालं. बूट निघाला आणि आकडा आला वजा चाळीस.

“वजा?” बाई नवऱ्याकडे वळल्या. “अहो, बाळ तराजूत ठेवून मग काटा शून्यावर आणला, तर बाळाचं वजन किती?”

“शून्य.”

“आणि बाळ उचललं की वजा! चौथीतलं पोरही ही चूक करणार नाही. जरा माझा तळवा बघा हो.”

नवऱ्याने मोजा काढला. मोजा रक्ताने चिकटला होता.

“आणखी आठवडा गेला असता तर अंगठा गेला असता,” डॉक्टर म्हणाले. जखम भरायला दोन महिने लागले.

साहेबांनी अहवालात लिहिलं, सेन्सर नादुरुस्त. ताईंनी मला वजनाखाली ठेवून पाहिलं. ग्रॅमभरही चुकलो नाही. तरी खणात मीच गेलो. ती छापील सूचना मात्र अजूनही चाळीस जणांच्या बुटांबरोबर जाते आहे.

मित्रांनो, घरात कुणाचे पाय बधिर असतील तर रोज त्यांचे तळवे बघा. हिरव्या पडद्यावर विसंबू नका. माझ्यावरही नको.

आणि साहेब, ताईंनी मला खणातून काढून बाईंच्या हातात दिलंय. बाईंनी मला तुमच्या टेबलावर ठेवलंय, शेजारी ती सूचना आणि लाल पेन. त्या बसणार नाहीत, त्यांना उभं राहायची सवय आहे. ती ओळ खोडताय की नाही? बोला.