वॉशिंग मशीनचे हप्ते

बँकेतल्या बाईंनी पुन्हा मान हलवली. "या देशात तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. मग क्रेडिट कार्ड कशाच्या भरवशावर देऊ?"

माझं डोकंच फिरलं. "जन्मात उधारी केली नाही, हा काय गुन्हा झाला?"

घरमालकाला अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरूनच हवी होती; आज कार्ड मंजूर झालं नाही, तर ठरवलेलं भाड्याचं घर हातचं जाणार होतं. शेजारी बायको पर्सची चेन उघडझाप करत होती.

"माझं नाव टाकून बघता का?" ती हळूच म्हणाली.

बाईंनी टाकलं आणि त्यांचा चेहराच खुलला. "वॉशिंग मशीनचे सगळे हप्ते वेळेवर! यांना लगेच देते."

मी गर्रकन वळलो. "ते मशीन आत्ताच्या खोलीबरोबर मिळालं म्हणालीस ना?"

"खरं सांगितलं असतं, तर दुकानात परत नेऊन टाकलं असतंत. आणि कपडे मी पिळत बसले असते."



बाई म्हणाल्या, "यांच्या खात्यावर तुम्हालाही एक कार्ड मिळेल. फक्त यांची परवानगी हवी."

बायकोनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "ह्यांनी किती खर्च करायचा, ते मी ठरवू शकते ना?"