सतरा नंबरची टकटक

आमच्या जुन्या सतरा नंबर वॉर्डाच्या निवडणुकांचा इतिहास कुणाला हवाच असेल, तर त्याने माझ्या वडिलांना विचारावा. मात्र घरी सांगून यावं, कारण अण्णा पहिल्या निवडणुकीपासून सुरू करतात.

त्या निवडणुकीत शाळेच्या दारावर बसवलेल्या शिपायाला कमी दिसायचं. किती जण मत टाकून गेले ते कळावं म्हणून त्याने सांगून ठेवलं, बाहेर पडताना चौकटीवर दोनदा टकटक करा. संध्याकाळी त्याचा आकडा आणि पेटीतला आकडा तंतोतंत जुळला. पुढे शिपाई बदलले, टकटक राहिली. बाहेरून आलेले अधिकारी हसायचे, पण टकटक केल्याशिवाय मत दिल्यासारखं आमच्या माणसांना वाटतच नसे.

दुसऱ्या निवडणुकीत अण्णा पडले. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वखारवाल्याने भाडोत्री माणसं आणून मेलेल्यांच्या नावावर मतं टाकली. ती माणसं बाहेरची, त्यांना टकटक ठाऊक नव्हती. पेटीत मतं जास्त आणि चौकटीवर टकटक कमी, पण असला पुरावा कोण मानणार? वखारवाला वाजतगाजत निवडून आला आणि वर्षाच्या आत राजीनामा देऊन मोकळा झाला. म्हणायचा, घराच्या दारावर दिवसभर कुणीतरी वाजवतं आणि उघडलं तर कुणी नसतं. पोटनिवडणुकीत अण्णा आले, ते वॉर्ड असेपर्यंत हटले नाहीत.

शेवटच्या निवडणुकीपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की रेल्वेच्या यार्डासाठी वॉर्ड उठणार. अण्णांनी एकच आश्वासन दिलं, "सगळे निघाले की शेवटी मी निघेन." बिनविरोध आले. असलं आश्वासन द्यायला दुसरं कोण वेडं होतं?

वॉर्ड उठण्याच्या आदल्या वर्षी आई गेली. ती घरी शिवणकाम करायची. मत द्यायलाही शिवण अर्धवट सोडून यायची, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पत्र्याचं टोपण तसंच. त्यामुळे तिची टकटक ओळखू यायची, आधी हाड वाजायचं, मग पत्रा. मत कुणाला दिलं हे तिने अण्णांना जन्मात सांगितलं नाही. "मत गुप्त असतं," म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची.

तर माणसं गेली, घरं पडली, आमचंही पडलं, आणि अण्णा शाळेच्या एका वर्गात जाऊन राहिले. तीच शेवटची इमारत. मी चार वेळा न्यायला गेले, चारही वेळा हात हलवत परत आले. पाचव्यांदा पाडकामाच्या मुकादमाचाच फोन आला. "ताई, उद्या सकाळी मशीन लावणार. आज त्यांना घेऊन जा. आणि एक सांगू? माझी माणसं आत जायला तयार नाहीत. आतून कुणीतरी वाजवतं म्हणतात."

मी तणतणतच पोचले. भर दुपार होती. अण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून बसले होते.

"अण्णा, पुरे झालं. सगळे गेले."

"जिवंत होते ते गेले," अण्णा म्हणाले. "ज्यांना जायला मिळालं नाही, त्यांचं काय? तेही माझेच मतदार. बस जरा. आणि मागे बघू नकोस, मत देणाऱ्याकडे बघायचं नसतं."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मनात म्हणत मी पायरीवर टेकले. तेवढ्यात माझ्या मागे चौकटीवर दोनदा टकटक झाली.

"बेकरीवाला," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा, हलकेच. "नर्सबाई. बिचारी नेहमी घाईत."

मी मागे बघितलंच. दारात कुणी नव्हतं. चौकटीवरची धूळ मात्र तेवढ्याच जागी झडली होती. अण्णा शांतपणे ओळखत होते, इस्त्रीवाला, मास्तर, मास्तरांची सासू. मग टकटक थांबली. ऊन कलायला लागलं, तरी अण्णा उठेनात.

"आता कोण राहिलं?"

"तुझी आई." ते समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. "ती नेहमी शेवटी यायची. हातातलं संपवून."

पलीकडे मुकादम घड्याळ बघत होता. अण्णांना उचलून न्यायची वेळ आली असती, आणि ते मला बघवलं नसतं. "तुमची पिशवी आणते," म्हणून मी आत गेले. आईचं टोपण माझ्या पर्समध्ये असतं, ती गेल्यापासून. ते बोटात घातलं, पिशवी उचलली आणि बाहेर पडताना चौकटीवर वाजवलं. आधी हाड, मग पत्रा.

अण्णांनी डोळे मिटले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "चला. झाले सगळे." दाराला कुलूप त्यांनी स्वतः लावलं, किल्ली मुकादमाच्या हातात दिली आणि गाडीत मागच्या सीटवर एका कडेला सरकून बसले. शेजारी एका माणसाची जागा राहिली होती. मला रडू आलं, पण सुटलो एकदाचे, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाचा निरोप आला, इमारत पाडली. मी अण्णांना वाढत होते. खूप दिवसांनी ते पोटभर जेवत होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्यांनी मला आणखी एक ताट ठेवायला लावलं होतं, आणि मी ते निमूट ठेवलं होतं.

तेव्हा आमच्या फ्लॅटच्या दारावर वाजलं. आधी हाड, मग पत्रा.

टोपण माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स माझ्यासमोर टेबलावर. पुन्हा वाजलं, कुणी लांबून चालत आल्यावर वाजवावं तसं, दमून.

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी दाराकडे बघितलं, मग शेजारच्या ताटाकडे.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तुझी आई तर काल आपल्याबरोबर आली. मग हे कोण?"