पाऊण मणाची मथी

तिकडं अमेरिकेत म्हणे लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि इकडं अकोल्यातल्या माणसांची डोकी फिरली. कापसाला असा भाव चढला की जो तो उठून काहीतरी तोलायला धावे. कापसाचे अडते सूर्यभानजी तर घरातला कोहळासुद्धा तोलल्याशिवाय चिरू देत नसत. मग त्यांनी आपली चार वर्षांची लेक मथीही काट्यावर घातली. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला, चारचौघांसमोर, कापसाच्या काट्यावर!

वजन वाढलं की लेकरू वाढलं, ही त्यांची समजूत. धावलं की वजन झिजतं, म्हणून मथीनं धावायचं नाही. उन्हात सुकतं, म्हणून अंगणात जायचं नाही. सकाळी तुपाचा शिरा, दुपारी डिंकाचे लाडू, आणि इकडून तिकडं जायचं तर हमालाच्या खांद्यावर. मथी पाऊण मणाची झाली तेव्हा सूर्यभानजींनी बाजारभर पेढे वाटले. तिची माय जमुना मात्र त्या दिवशी पदरात तोंड घालून रडली, कारण पाऊण मणाच्या पोरीला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. शेजारच्या खुर्शीदबीची नात तेवढ्याच वयाची, पण ती झाडावर चढून येणाऱ्याजाणाऱ्याला चिंचा फेकून मारी.

"अवो, लेकराले खेळू तं द्या," जमुना म्हणे.

"खेळून कोनाचं वजन वाढलं आजपावतर?" सूर्यभानजी विचारत.

शेवटी जमुनानं चोरी केली. नवरा बाजारात गेला की ती मथीला खुर्शीदबीच्या अंगणात सोडू लागली. पहिल्या दिवशी पोरगी मातीत बसून नुसती टुकूटुकू पाहत राहिली. आठव्या दिवशी भिंत धरून चालली. महिना सरता सरता ती आपणहून भाकरी मागायला लागली आणि खुर्शीदबीला उलट उत्तरं देऊ लागली. जमुनाला आनंद पोटात मावेना, आणि बाजाराचा दिवस जवळ आला तशी झोपही लागेना.

त्या दिवशी मापारी रहमतुल्लानं मथीला पारड्यात बसवलं, काटा पाहिला आणि पुन्हा पाहिला. "शेठजी, तीन शेर कम हाये."

सूर्यभानजींनी पोरीला फिरवून फिरवून पाहिलं, कुठं फाटलीबिटली आहे का म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आलं. "सुकली हाये! पानी मारा!"

कापूस वजनात कमी भरला की काय करतात हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नसे. हमालानं घडा आणून मथीच्या डोक्यावर ओतला. "आतपावतर मुरू द्या," एका दलालानं सल्ला दिला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गर्दीत उभ्या असलेल्या जमुनाच्या अंगाचा भडका उडाला. "लाज वाटते का काई? पोरगी हाये ते, कापूस नाई! मीच खेळवलं तिले महिनाभर. अन् उद्याही खेळवीन!"

"दुसरा घडा आना," सूर्यभानजी म्हणाले.

दुसरा घडा येताना पाहून मथीनं पारड्यातून उडी मारली आणि धूम ठोकली. कापसाच्या ढिगावर चढली, पलीकडून घसरली, गाठींमधून पळाली. "धरा! वजन चाललं!" ओरडत सूर्यभानजी मागे, त्यांच्यामागे हमाल, त्यांच्यामागे दलाल. रहमतुल्ला पोट धरून हसत होता. ती काही कोणाच्या हाती लागली नाही.

सूर्यभानजींना धाप लागली, पागोटं सुटलं, आणि ते मातीतच बसले. गाठीमागून कोणीतरी खदखदून हसलं. कोण हसतंय म्हणून ते इकडंतिकडं पाहू लागले. हे हसू त्यांनी आपल्या घरात कधी ऐकलंच नव्हतं. जमुनाला वाटलं, आता हमालाला हाक गेली की पोरगी पुन्हा खांद्यावर, आणि पुन्हा तो शिरा.

मथी बाहेर आली. निथळत बापापुढं उभी राहिली.

"बाबा, तुमाले धावताच येत नाई," ती म्हणाली. "आता तुमी लपा."

हमालानं तिला उचलायला हात पुढे केले. सूर्यभानजींनी ते बाजूला सारले, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गाठीमागं जाऊन बसले.

"पोट दिसून राहिलं," मथी ओरडली.

त्यांनी पोट आत ओढलं.