अरुणोदय फलरस, दिवसातून दोन वेळा

मरणाची भीती फक्त अज्ञानी माणसाला असते. पारोळ्याचे धान्याचे व्यापारी ज्ञानचंद छाजेड यांनी हे मत वीस वर्षं जाहीरपणे बाळगलं होतं, आणि अडुसष्ट सालच्या माघात, वद्य चतुर्थीला, सकाळी सव्वासहा वाजेपर्यंत ते शाबूत होतं.

गावात कुणाच्याही घरी मयत झाली की तिसऱ्या दिवशी ज्ञानचंद शेठ जाऊन बसत. देह म्हणजे धर्मशाळेतली खोली, ती सोडताना रडायचं कशाला, हे ते अर्धा तास समजावून सांगत. ऐकणारी माणसं रडायची थांबत. काही जण कंटाळून थांबत, पण थांबत हे खरं. त्यामुळे जातीपातीचा विचार न करता त्यांना बोलावणं येई, आणि तेही दुकान नोकरांवर टाकून जात.

चतुर्थीच्या त्या सकाळी ते परसातल्या मोरीत लघवीला बसले आणि उठताना सहज खाली पाहिलं. मोरीची फरशी पांढरी होती. तिच्यावरून जे वाहत गेलं ते लाल होतं.

त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. मग आणखी एक तांब्या ओतला. मग ते भिंतीला हात लावून उभे राहिले. चुलते दीपचंदजींना असंच झालं होतं. त्यांनाही आधी लाल झालं, मग अंगावर पाणी चढलं, आणि जळगावला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तपासण्याऐवजी बरोबर आलेल्या मंडळींना बाजूला बोलावलं. पुढे ते चार महिनेच जगले.

"अहो, बरं आहे ना?" आतून पानबाईंनी विचारलं. नवऱ्याला मोरीत एवढा वेळ लागत नाही हे त्यांना तीस वर्षांच्या संसारात ठाऊक झालं होतं.

"नवकार मंत्र म्हणत होतो," ज्ञानचंद म्हणाले. मोरीत नवकार म्हणत नाहीत, हे पानबाईंनाही माहीत होतं.

घरी सांगणं शक्य नव्हतं. पानबाई रडल्या असत्या, आणि शेजारपाजारचे येऊन धर्मशाळेच्या खोलीबद्दल ज्ञानचंदांनाच समजावून गेले असते.

आता इथे आदल्या दिवशीची एक बाब सांगायला हवी. तिला त्या वेळी कुणी महत्त्व दिलं नव्हतं, ज्ञानचंदांनी तर नाहीच. साक्रीकडचा धनसिंग नावाचा एक विक्रेता सायकलला दोन खोकी बांधून दुकानात आला होता. खोक्यांत 'अरुणोदय फलरस'च्या बाटल्या होत्या. लेबलावर उगवता सूर्य, आणि खाली तीन शब्द: रक्तवर्धक, शक्तिवर्धक, निरुपद्रवी. चातुर्मासातल्या आठ उपवासांपासून ज्ञानचंदांना जिना चढताना धाप लागत होती. त्यांनी बाटली हातात घेतली आणि धनसिंगची उलटतपासणी सुरू केली. मध आहे का? नाही. दारू, आसव, आंबवलेलं काही? नाही. कांदा, लसूण, आलं, गाजर, जमिनीखालचं काहीही?

"शेठजी, जमिनीपासून हातभर वरचं फळ आहे," धनसिंग म्हणाला. "उन्हातलं. वर साखर, बाकी काही नाही. उकळून भरलंय."

रात्री घ्यावा लागतो का? नाही, सूर्यास्ताच्या आत दोन वेळा, अर्धा अर्धा पेला. ज्ञानचंदांचं समाधान झालं आणि त्यांनी चार बाटल्या घेतल्या. रसात काय काय नाही याची एवढी कसून चौकशी झाली, की त्यात काय आहे हे विचारायचं राहून गेलं. धनसिंगनेही आपण होऊन सांगितलं नाही. जैनांच्या दुकानांतून त्याचा धंदा बरा चालत होता.

बाटल्या दुकानातच, वजनांच्या फळीमागे राहिल्या. त्यांतला पहिला पेला तृतीयेला पोटात गेला होता. चतुर्थीला जे दिसलं त्याचा आणि या पेल्याचा संबंध जोडणं ज्ञानचंदांच्या मनात आलंच नाही. उलट, अंगातून रक्त जात असताना रक्तवर्धक रस हाताशी असणं ही त्यांना पूर्वपुण्याई वाटली. त्या दिवशी त्यांनी अर्ध्याचा पाऊण पेला केला.

पंचमीला सकाळी पुन्हा लाल.

पंचमी ही जैनांनी पाळायची तिथी. त्या दिवशी ते हिरवी भाजी, फळ, फळाचा रस यांतलं काही तोंडात घालत नसत. षष्ठीला सकाळी लघवी स्वच्छ होती. ज्ञानचंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. सप्तमीला पुन्हा लाल, अष्टमीला लाल. अष्टमीची तिथी पाळली, नवमीला स्वच्छ. दशमीला लाल. आठवडाभरात त्यांना पक्कं कळलं की आपला रोग तिथी पाळतो. असा रोग साधा नव्हे. साधा रोग औषधाला भितो. हा धर्माला भीत होता, म्हणजे तो कुठल्यातरी जन्मीच्या कर्मातून आलेला असणार, आणि कर्माचा हिशेब चुकता होईपर्यंत सोडणार नव्हता.

या विचाराने त्यांची झोप गेली. दिवसाही स्वस्थता नव्हती. सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाईक येण्याआधी ते पोत्यांच्या काट्यावर उभे राहत. पहिल्या दिवशी बहात्तर किलो भरले, दहाव्या दिवशी चौऱ्याहत्तर. रक्त जातंय आणि वजन वाढतंय, याचा अर्थ एकच होता: दीपचंदजींसारखं अंगावर पाणी चढतंय. ते अंगठ्याने नडगी दाबून खळगा पडतो का पाहू लागले. एवढं दाबल्यावर कुणाच्याही नडगीला खळगा पडतो.

हमाल वना एकदा पाहून म्हणाला, "शेटजी, तुमनं पोतं भरेल शे." इतर वेळी ज्ञानचंद हसले असते.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर वारले आणि तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. ज्ञानचंद गेले. ओसरीवर वीस माणसं धर्मशाळेच्या खोलीची वाट पाहत बसली होती. पोस्टमास्तरांच्या पत्नी सुनंदाबाई भिंतीला टेकून होत्या. ज्ञानचंदांनी खाकरून घसा साफ केला. मग ते पुढे सरकले आणि हळूच म्हणाले,

"शेवटी शेवटी लघवीला कशी होत होती त्यांना?"

सुनंदाबाईंनी डोळे पुसले. "हृदयाने गेले हो ते," त्या म्हणाल्या.

"रंग वगैरे?"

ओसरीवरचे दोघेतिघे उठून पान खायला बाहेर गेले. ज्ञानचंद शेठही फार बसले नाहीत. घरी जाताना त्यांना लोक आपल्याकडे बघताहेत असं वाटलं, आणि ते खरं होतं.

अमावास्येला त्यांनी शेवटचा उपाय केला. तिथीला रोग भितो, तर दोन दिवस अन्नच सोडून पाहायचं. फक्त उकळून गार केलेल्या पाण्यावर त्यांनी दोन उपवास केले. दोन्ही उपवासांनंतरच्या सकाळी मोरीची फरशी कोरी करकरीत राहिली. ज्ञानचंदांनी पारणं केलं, आणि अशक्तपणा भरून काढायला दुकानात जाऊन दोन वेळा पेला काठोकाठ भरून रस घेतला.

दुसऱ्या दिवशी जे आलं ते नुसतं लाल नव्हतं. ते जास्वंदीच्या फुलासारखं गडद होतं. ज्ञानचंद मोरीतच खाली बसले. तपाचाही उपयोग झाला नाही, आता काय उरलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यामागोमाग आलं ते शुद्ध भय, ज्याला काही वचन सुचत नाही. मला मरायचं नाही, असं ते स्वतःशी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असावेत, कारण बाहेर पानबाईंच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला.

सकाळच्या एस.टी.ने ते धुळ्याला गेले. घरी तूरडाळीच्या सौद्याचं कारण सांगितलं. दुपारचा डोस चुकू नये म्हणून रसाची बाटली पिशवीत घेतली होती. गल्ली नंबर चारमधल्या डॉक्टरांना पारोळ्याचं कुणी ओळखत नव्हतं, एवढीच त्या डॉक्टरांची लायकी त्यांनी पाहिली होती.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पोट दाबलं, पाठीत दोन बुक्क्या मारल्या, आणि एक लहान बाटली देऊन मागच्या खोलीत पाठवलं. ज्ञानचंदांनी ती भरून आणली आणि कंपाउंडर निंबाच्या हातात देताना तोंड फिरवलं.

"जेवणात काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कांदा नाही," ज्ञानचंद म्हणाले. "लसूण नाही. बटाटा, गाजर, मुळा, बीट नाही. वांगं नाही, अंजीर नाही. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही."

डॉक्टर बराच वेळ लिहून घेत होते. मग लिहिलेलं सगळं त्यांनी खोडलं, थोडी लघवी निळ्या औषधात घालून तापवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ज्ञानचंद समोरच्या बाकावर बसून राहिले. भिंतीवर घड्याळ होतं. डॉक्टर कुणाला बाजूला बोलावतील, हे त्यांनी मनात चाचपलं, तेव्हा बरोबर कुणीच आलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे जे काही असेल ते आपल्यालाच ऐकावं लागणार. तळहात धोतराला पुसून त्यांनी ते पुन्हा पुसले.

"यात रक्त नाही," डॉक्टर म्हणाले.

ज्ञानचंदांना नीट ऐकू आलं नाही.

"रक्ताचा एक कण नाही. नुसता रंग आहे. साखर मात्र आहे. काय पिता तुम्ही?"

"पाणी. उकळलेलं. दूध." ते थांबले. "फळाचा रस."

"कोणत्या फळाचा?"

ज्ञानचंदांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती निंबाकडे दिली. निंबाने बूच काढलं, वास घेतला, करंगळी बुडवून चाटली.

"हाऊ ते फड्याना बोंडेसना रस शे," तो म्हणाला. "आम्हना बांधवर बठ्ठा तोच शे. पोऱ्हे खातस आनि लाल मुततस. माय वळखी लेस, कोन खाईसन वना ते."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फड्या निवडुंगाच्या बोंडांचा रंग पक्का असतो, आत जिरत नाही, तसाच बाहेर येतो. अपाय काही नाही. पण या बाटलीत निम्मी साखर दिसते, ती अपाय करेल. वजन त्यानेच वाढलं. रस बंद करा आणि पंधरा दिवसांनी साखर पुन्हा तपासून घ्या.

ज्ञानचंद रडले. डॉक्टरांनी निंबाला पाणी आणायला सांगितलं. पण पाण्याचा पेला हाती आला तोवर शेठजींचा चेहरा पुन्हा पडला होता, आणि या वेळी तो वेगळ्या भीतीने पडला होता. निवडुंग म्हणजे शास्त्राप्रमाणे अनंत जीवांचं झाड. दोन आठवडे, दोन वेळा.

"बोंडात बिया किती असतात?" त्यांनी विचारलं.

"पन्नासेक, शंभरही," निंबा म्हणाला. ज्ञानचंदांनी डोळे मिटले.

संध्याकाळी एस.टी.तून उतरून ते घरी न जाता सरळ जैन स्थानकात गेले. तिथल्या साध्वी महासतीजींसमोर हात जोडून, फळाचं नाव न घेता, अजाणता अभक्ष्य पोटात गेल्याचं सांगितलं. महासतीजींनी तीन आयंबिल सांगितले: दिवसातून एकदाच, मीठ-तेल-तुपाशिवाय उकडलेलं धान्य. घरी पानबाईंना त्यांनी रोगाचं सगळं सांगितलं, रसाचं सोडून. पानबाई रडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून न विचारता स्वतःही आयंबिल करू लागल्या.

तिसऱ्या आयंबिलाच्या सकाळीही मोरीच्या पांढऱ्या फरशीवरून साधी पिवळी लघवी वाहत गेली. आयंबिलाने रोग गेला, हे दुपारपर्यंत गल्लीत झालं आणि संध्याकाळी स्थानकात चार जणांनी आयंबिलाचे पच्चक्खाण म्हणजे नेम घेतले. रस बंद होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.